माळकऱ्यावर माशांचा आळ

आमच्या उदयसिंहाला डोकं नाही असं मी म्हणणार नाही. पण ते वापरायची वेळ आली की तो आवाज वापरतो.

त्याची मटणाची खानावळ माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून. पन्हाळ्याला जाणारी पावणेमंडळी थांबावीत म्हणून त्यानं दारातच खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली. आत समुद्रातले रंगीत मासे, तळाला प्रवाळाचे खडक. थोड्याच दिवसांत मासे कमी व्हायला लागले. मेलेला एकही सापडेना.

आधी मांजरावर संशय. पेटीला झाकण आलं, तरी मासे जातच राहिले. मग संशय आकारामवर वळला. संशयाची वसुली माणूस नेहमी जवळच्याकडूनच करतो. लांबचा दाद देत नाही.

आकाराम खानावळीचा आचारी, चंदगडकडचा. गळ्यात तुळशीची माळ. तांबडा-पांढरा रस्सा नुसत्या वासावर जुळवतो, जिभेवर थेंब घेत नाही. अशा माणसाला उदयसिंह भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "किल्ली तुझ्याकडं, तवा तुझ्याकडं. मासं कुटं गेलं?"

"मालक, गळ्यात माळ हाय."

"माळ घातलेलं मांजर बी बघितलंय मी!"

आकारामनं अंगावरचा एप्रन खुंटीला अडकवला आणि पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी रस्सा चुकला तर गिऱ्हाईक पुन्हा त्या गल्लीत शिरत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. मालकाला कोण सांगणार?

"अरे, तो गेल्यावरही मासे गेले तर?" मी विचारलं.

"तुम्ही गप बसा, काका. मोबाईल लावून ठेवतो, समदं दिसंल!"

मोबाईलच्या आड एक शेवाळलेला, तांबूस दगड येत होता. तो सारायला यानं पाण्यात हात घातला आणि अशी बोंब मारली की रस्त्यावरची रिक्षा थांबली.

"दगड चावला!"

"दगड चावतोय व्हय रं?" गिऱ्हाइकांतून कुणीतरी विचारलं.

मी डॉक्टरांना फोन लावून समुद्री माशांच्या पेटीत काहीतरी डसलं म्हणून सांगितलं. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि लगेच घेऊन या, म्हणाले. खांद्याची पिशवी तशीच ठेवून आकारामनं पातेलं आणलं. आधी स्वतःचं बोट बुडवून बघितलं.

मालक कण्हत असताना एक पिवळा मासा दगडाच्या झालरीपाशी आला. दगडानं तोंड उघडलं. मासा गायब. तोंड मिटलं, पुन्हा दगडाचा दगड. खडकांबरोबर आलेला विषारी मासाच होता तो! इतके दिवस आम्ही सगळे त्याच्याकडंच तर बघत होतो!

शेवटी उदयसिंह पुटपुटला, "पिशवी ठेव की."

"मला म्हणताय का मांजराला?"

उदयसिंहानं माझ्याकडं बघितलं. मी गिऱ्हाइकांकडं बोट दाखवलं. आळ जेवढ्या आवाजात घेतला, तेवढ्याच आवाजात फेडायला नको?

"ओ पावणं!" तो ओरडला. "आकारामनं मासं खाल्लं न्हाईत! चूक माझी हाय!"

आकारामनं पिशवी उतरवली.

"जावा आता दवाखान्यात," तो एप्रन बांधत म्हणाला. "रश्शाचं मी बघतो."