हसरी कंपनी

"तात्या, जरा मान खाली," असं म्हणत ऐश्वर्यानं आकारामतात्यांच्या भादरलेल्या डोक्यावर पिवळ्या कुरळ्या केसांचा टोप चढवला आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. "मस्त. एकदम गोड दिसताय."

तात्यांनी खाली घातलेली मान तशीच ठेवली.

चेक-इन काउंटरमागं उभी असलेली निशा कांबळे हातातलं काम थांबवून बघत होती. तात्यांची बायको तानाबाई जाऊन आठवडाही झाला नव्हता. मुलगा नाही, एकुलती मुलगी आजऱ्याला दिलेली. अग्नी तात्यांनीच दिला, मुंडणही त्यांनीच केलं. दिवस घालायचे अजून राहिले होते. पण तात्या विमानात बॅगा चढवणारे, ठेकेदाराचे माणूस. कंपनीची दुःखाची रजा कंपनीच्या माणसांना होती. ठेकेदारानं फोनवर 'येताय का दुसरा बघू' एवढंच विचारलं होतं.

ऐश्वर्या विमान कंपनीच्या मुख्य ऑफिसातून कॅमेरावाल्याला घेऊन आली होती. प्रवाशांच्या पसंतीत कंपनीच्या सगळ्या विमानतळांमध्ये कोल्हापूर पहिलं आलं होतं. इथली माणसं इतकी आनंदी कशी, यावर तिला फिल्म करायची होती.

खरं तर निशाला ते सांगता आलं असतं. जयसिंगपूरचे जिनपाल चौगुले स्टेशन मॅनेजर म्हणून बदलून आले, तेव्हा इथं कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. जिनपाल सर पहिल्याच आठवड्यात शर्टाच्या बाह्या सारून तात्यांबरोबर बॅगा ओढायला गेले. दुपारी सगळ्यांना एकत्र जेवायला बसवू लागले, लोडरला आणि झाडूवालीलाही. धुक्यामुळं विमान अडकलं की भडंगाची पोती मागवून प्रवाशांना वाटायचे आणि माइकवरून म्हणायचे, "पावणं, विमान यायलंय, तवर खावा." चिडलेली माणसं हसायची. निशाचे वडील दादासो सीपीआर दवाखान्यात होते, तेव्हा तिला घरी पाठवून सर स्वतः तिच्या काउंटरवर उभे राहिले. मग निशाही पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून जिन्यापर्यंत न्यायला लागली. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. माणसं पुन्हा ह्याच कंपनीच्या विमानानं यायची. तिकिटं खपायची. एवढंच होतं सगळं.

मग ते वर मुख्य ऑफिसात कुणाच्या तरी डोळ्यांत भरलं. त्याला नाव मिळालं, घोषवाक्य मिळालं. शुक्रवारी नाच सक्तीचा झाला. 'मी हसते' असा बिल्ला छातीवर आला. कोण किती हसलं याचे गुण लागायला लागले. सरांचं वर जाणंयेणं वाढलं आणि दुपारचं जेवण कधी बंद पडलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निशा काउंटर सोडून सरांकडं गेली. "सर, तात्यांच्या घरात काय झालंय ते ह्या बाईला म्हाईत न्हाई काय?"

"म्हाईत हाय. मीच सांगितलंय."

"आणि तरी?"

ऐश्वर्यानं ते ऐकलं. "अगं, म्हणून तर तात्यांना घेतलं," ती समजावत म्हणाली. तिच्या आवाजात कपट नव्हतं आणि निशाला त्याचीच जास्त शिसारी आली. "ते आधी काकूंबद्दल दोन वाक्यं बोलतील. मग गाणं सुरू होईल आणि तुम्ही सगळे त्यांना नाचात ओढाल. बघणाऱ्याला आधी रडू येईल, मग हसू. कंपनी म्हणजे कुटुंब, हे याहून छान कसं दाखवणार?"

"तात्यांनाबी जरा हलकं वाटंल," सर म्हणाले. ते निशाकडं बघत नव्हते.

कॅमेरा सुरू झाला. ऐश्वर्यानं मऊ आवाजात विचारलं, "काकूंना काय आवडायचं, तात्या?"

टोपाखालून घामाची धार कानावर उतरली.

"तिला इमान आतनं बघायचं व्हतं," ते म्हणाले. "म्हनलं, दावू कवातरी. ऱ्हायलं."

"सुंदर," ऐश्वर्या कुजबुजली आणि तिनं हात वर केला. "गाणं लावा. तात्या, आता हसा."

गाणं लागलं. स्टाफमधली पोरं पोरी टाळ्या वाजवत धावली. कुणीतरी तात्यांचे हात धरून हलवले. सरही नाचू लागले. आणि तात्यांचे पाय खरोखर हलले. सांगितलेलं काम करायची सवय असलेल्या माणसाचे पाय, एकदा डावा, एकदा उजवा. तोंड उघडलं, दात दिसले. ते हसू निशाला बघवेना. ती नाचणाऱ्यांमधून वाट काढत पुढं गेली आणि तिनं दोन्ही हातांनी टोप काढून घेतला.

"बास झालं."

गाणं थांबलं. "शॉट घालवलात तुम्ही," ऐश्वर्या म्हणाली.

"निशा, दोन मिन्टांचं काम हाय," सर म्हणाले. "कशाला वाढवतीस?"

"सर, आमचे बाबा दवाखान्यात होते, तवा माझ्या जागी तुम्ही उभारलासा," निशा म्हणाली. "तवा कुणी शूटिंग करत नव्हतं."

सरांचं तोंड उतरलं. ते काहीतरी म्हणणार होते, पण तात्याच मध्ये पडले. "ऱ्हाऊ दे ताई. साहेबास्नी नगं बोलू. इमान उतराय लागलंय, बॅगा काढायच्या हायत." कपाळावरचा घाम बाहीनं पुसून ते धावपट्टीकडच्या दारातून निघून गेले.

मिळालं होतं तेवढ्यावर फिल्म झाली. लाखो लोकांनी बघितली, खाली डोळे पुसणारे इमोजी टाकले. कंपनीचं विमान भरून जायला लागलं, संध्याकाळी दुसरंही सुरू झालं. सरांना बढती मिळाली. जाताना त्यांनी पेढे वाटले. निशापाशी आल्यावर म्हणाले, "चुकलं असंल माझं. पण स्टेशनचं भलं झालं का न्हाई?" तिनं पेढा घेतला. तोंडात घालवेना. सर नजरेआड झाल्यावर तिनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हात साबणानं धुतले.

तिला वागणूक सुधारायच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं आरशासमोर हसायला शिकवलं. ती शिकून आली. म्हातारी माणसं अजून पहिल्यांदा विमानात बसायला येत होती आणि तिनं नोकरी सोडली नाही.

एके दिवशी सकाळचं विमान यायच्या आधी ती आणि तात्या गेटबाहेरच्या गाड्यावर चहा घेत होते. एक बाई बॅग ओढत लगबगीनं आली. "अय्या, तुम्ही ते नाचणारे काका न्हवं? मी तुमच्यामुळंच ह्या विमानाचं तिकीट काढलंय. एक फोटो?"

निशा पुढं होणार होती. तात्यांनी हातानंच तिला थांबवलं. कप खाली ठेवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ते बाईशेजारी ताठ उभे राहिले.

"काका, हसा की जरा," बाई म्हणाली.

तात्या समोर बघत राहिले. ओठ मिटलेले, हात सरळ बाजूला. बाईनं फोन आणखी थोडा वेळ उंच धरला. मग तिचं स्वतःचं हसू हळूहळू ओसरलं आणि तिनं फोटो न काढताच हात खाली घेतला.