नवरीचा मामा

शहाडच्या वडिलोपार्जित जमिनीतला वाटा माधवीने कोर्टात जिंकला, तेव्हा कायदा शिकणाऱ्या तिच्या मुलीने, निशिगंधाने, कॉलेजभर पेढे वाटले. केस लढायचा हट्टही तिचाच होता.

आता निशिगंधाचं लग्न दोन दिवसांवर आलं. नवरीला मांडवात मामानेच आणायचं असतं, म्हणून माधवी भावाच्या दारात गेली.

काळुराम जागचा उठलाही नाही. "वाटा कोर्टातून आणलास ना, ताई? मग मामा पण तिकडूनच आण. नाहीतर वाटा सोड, लगेच येतो."

शेजारी बसलेली आई म्हणाली, "बरोबर बोलतोय तो."

घरी येऊन माधवीने मुलीला सांगितलं, "मामाशिवाय लावू लग्न. घाबरतो काय आपण?"

निशिगंधा हातावरची मेंदी सुकवत होती. "सासरचे हसतील गं. दे ना सही करून. तुला आता कशाला हवी जमीन?"