न घासलेले चिमटे

टायटॅनियमच्या पट्ट्या टाकीतल्या द्रावणात टांगायच्या, करंट सोडायचा, व्होल्टेज बेताबेताने चढवायचं. मग पट्टीवर बारीक ठिणग्या नाचू लागतात आणि तिच्याच अंगातून ऑक्साइडचा टणक, राखाडी थर उगवतो. पण पट्टी धरणारा चिमटाही टायटॅनियमचाच, मेला तोही दर खेपेला थर चढवून घेतो! म्हणून आधी त्याचं टोक कानशीने घासून लख्ख करायचं. नाही घासलं तर करंट नीट पोचत नाही आणि धरल्या जागी पट्टी जळते.

कारखान्यात हे घासायचं काम ताईचं; सगळे तिला ताईच म्हणत. त्या दिवशी तिचं बहिणीशी फोनवर भांडण रंगात आलेलं. बाईसाहेबांनी चिमटे नुसते फडक्याने पुसले आणि दिले मास्तरांच्या हातात. मास्तर टाकीवरचे सगळ्यात जुने कारागीर, व्होल्टेज चढवायचं काम त्यांचं. बाराच्या बारा पट्ट्या टोकाशी जळून काळ्याठिक्कर!

"कोणाचा हा प्रताप?" साहेब कडाडले.

जिभेला कुठलं हाड! "मास्तरांनी घाईत व्होल्टेज चढवलं असेल," ताई बोलून गेली.

मास्तरांनी मीटरकडे पाहिलं, चष्मा पुसला. "असेल," ते म्हणाले. "हल्ली आकडे नीट दिसत नाहीत बहुतेक."

भांडले असते तर परवडलं असतं. त्यांनी ते खरंच मानलं! दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी त्यांना पॅकिंगला बसवलं आणि ताईला डब्यातला घास गोड लागेना. जनाची नाही तरी मनाची असावी म्हणतात. तिला ती मनाचीच लाज खात होती.

चौथ्या दिवशी ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "चिमटे मी घासले नव्हते. मास्तरांची काही चूक नाही." साहेबांनी तिची चांगलीच हजेरी घेतली आणि मास्तरांना परत टाकीवर बोलवायला सांगितलं. सुटले बाई एकदाची, असं वाटून ती तशीच पॅकिंगकडे धावली.

मास्तर खोकी चिकटवत बसले होते. तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. "चार शिव्या घाला मास्तर, पण मला माफ करा."

मास्तरांचे हात थांबले. "म्हणजे माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही?"

"काही नाही हो. सगळा माझाच नालायकपणा."

"अगं, नात रोज हात पसरून समोर यायची," मास्तर म्हणाले. "नीट दिसत नाही, जिन्यात हातून पडेल, म्हणून मी तिला उचललंच नाही. कालपासून ती माझ्याकडे येत नाही."