खटका डावीकडे

ह्यांनी मला आयुष्यात जे काही हळू आवाजात सांगितलं, ते सगळं जुन्या लष्करी गाड्यांत बसून सांगितलं.

घरी हे मुखदुर्बळ. मीठ कमी आहे का विचारलं तर मान हलवत, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे ओळखायला मला बरीच वर्षं लागली. पण गाडीत बसून कानांवर हेडफोन चढवले की ह्यांना वाचा फुटे.

लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्या घेऊन त्या पुन्हा पहिल्यासारख्या करायचा नाद काही लोकांना असतो, काही संग्रहालयांनाही. अशा गाड्यांचं इंजिन कुणी बघे, पत्रा आणि रंग कुणी. आतला रेडिओ आणि इंटरकॉम बसवायचं काम ह्यांच्याकडे येई. त्या गाड्यांत इंजिनाचा आणि पत्र्याचा एवढा गोंगाट असतो की शेजारच्यानं कानाशी येऊन बोंब मारली तरी कळत नाही. म्हणून प्रत्येक सीटजवळ एक लोखंडी डबी, त्या डबीतून निघालेली वायर, आणि वायरच्या टोकाला माइक नि हेडफोन. जुन्या तारांचं रबर वाळून त्याचे पापुद्रे सुटलेले असत. त्या तारा मी उपसून काढायची, नव्या कापायची, त्यांची जुडी करायची आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं बोट-बोट अंतरावर गाठी मारून ती बांधायची. आई म्हणायची, हिच्या गाठी आणि हिचा राग, दोन्ही सुटायचे नाहीत.

सगळं बसवून झालं की चाचणी. हे वर कमांडरच्या जागी, मी खाली ड्रायव्हरच्या जागी. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. स्टार्टर मीच दाबायची.

"आहेस का?" हे विचारत.

"आहे."

एवढंच आमचं ठरलेलं. पण मग हे बोलत राहत. आज तुझा निळा स्वेटर छान दिसतो. तुझ्या आईला एकदा इकडे आणू या. ती कालची गाठ बघितली, सुंदर आहे. समोरासमोर ह्यातलं एक अक्षर निघालं नसतं. मी इंजिन चालू ठेवूनच ऐकत बसायची. बाहेरून इंजिनाचं काम बघणारा मिस्त्री ओरडे, "वहिनी, पेट्रोल काय नळाला येतं काय?"

आणि मग वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि त्यांच्यासारख्या सगळ्या मुली घरी बसल्या. वन्संचं मुलगी म्हणवून घ्यायचं वय कधीच उलटलं होतं, पण त्या शेवटपर्यंत 'आम्ही मुली' असंच म्हणत.

त्या आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. शेडमध्ये एका सहाचाकी चिलखती गाडीचं काम चाललं होतं. संग्रहालयाच्या उद्घाटनाला ती चालवत न्यायची होती. हे बाकावर कमांडरची डबी उघडून आतल्या तारांचं सोल्डरिंग करत होते. रस्त्यावर टॅक्सीचा हॉर्न वाजला, तशी हातातली गरम सळई बाकावर टाकून हे पळाले. ट्रंक उचलायला! मी माहेरून दोन दोन बोजे घेऊन यायची तेव्हा हे कधी दारापर्यंतसुद्धा आले नव्हते. सळईचा प्लग मी काढला. बाकाच्या फळीला डाग पडला तो पडलाच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डबीला झाकण लावून ती गाडीत बसवली, आणि वन्सं शेडमध्ये बघायला म्हणून आल्या. बघायला आल्या नि राहिल्याच. मागच्या सीटवरचे हेडफोन त्यांनी उचलले, आणि केसांवरून हात फिरवावा तितक्या सहज डोक्यावर चढवले.

"बोला, कोणता नंबर हवाय?" त्या म्हणाल्या.

हे खदखदून हसले. मी ह्यांना असं हसताना लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

वन्संचा आवाज होताच तसा, माठातल्या पाण्यासारखा. त्या आवाजात कुणी 'नंबर चुकला' म्हटलं तरी माणूस आभार मानील. माझा आवाज बारीक, आणि घाईत किनरा होतो. ते मला माहीत होतं, पण तोवर कधी त्रास झाला नव्हता.

त्या गाडीत एक गोष्ट निराळी होती. कमांडरच्या डबीवर एक फिरता खटका होता. तो डावीकडे वळवला की कमांडरचं बोलणं फक्त पुढे ड्रायव्हरला ऐकू जायचं, उजवीकडे वळवला की फक्त मागे रेडिओ ऑपरेटरला. एका वेळी एकीशीच बोलायचं. पुढे मी, मागे वन्सं, मध्ये वर हे. ज्यानं तो खटका शोधला त्याच्या घरी बायको आणि बहीण दोन्ही असणार.

पहिल्या दिवशी इंजिन चालू केलं. ह्यांनी खटका डावीकडे केला, आणि माझ्या कानात बॉम्ब फुटला.

"आहेस काऽऽ?"

मी हेडफोन उपटून काढले. "आहे हो! ओरडताय कशाला?"

"ऐकू येतंय काऽऽ?"

"पलीकडच्या गल्लीत येतंय!"

मग खटका उजवीकडे गेला. माझ्या कानात एकदम शांतता, नुसती घरघर. आणि मागून, पत्र्यातून, वन्संचं हसणं. ह्यांचा आवाज मात्र गोंगाटातून जरासुद्धा येत नव्हता. म्हणजे तिकडे हळू बोलणं चाललं होतं.

रोज तेच. माझ्याशी आरडाओरडा, तिकडे गुजगोष्टी. मिस्त्री मागे उघड्या इंजिनाशी उभा असायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, मालकांचा आवाज मला हेडफोन न लावता मिळाला. तुमचे हेडफोन वाचवा." आणि वन्सं गाडीतून उतरताना ह्यांना म्हणाल्या, "बाळ्या, बायको आहे रे ती. बहिरी नाही."

त्यांनी माझी बाजू घेतली ह्याचाच मला जास्त राग आला. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर ओरडू नये, हे त्याला दुसऱ्या बाईनं सांगायचं?

त्या आठवड्यात मी घरात भांडी जरा जोरातच ठेवली. वन्सं म्हणाल्या, "राणीसाहेबांचा बँड लवकर सुरू झाला आज." ह्यांनी मान हलवली. होकाराची होती.

ह्यांचं म्हणणं, ड्रायव्हरच्या लाइनमध्ये दोष आहे. ह्यांनी माझे हेडफोन बदलले, माइक बदलला, माझी डबी उघडून पुसली. काही फरक पडला नाही. मी सांगत होते, "अहो, मला स्वच्छ ऐकू येतंय. तुम्हालाही माझं येतंय ना?"

"येतं."

"मग?"

हे बराच वेळ माइकची वायर बोटांभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "काय सांगू. तुझ्याशी बोलताना भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. ताईशी बोलताना कसं, जिवंत वाटतं."

मिस्त्री तिथून निघून गेला. शहाणा माणूस होता.

हे आपले कामातच होते. गाडीत उतरले आणि पुढच्या डबीकडे जाणारी माझी जुडी कात्रीनं उघडायला लागले. "कुठेतरी तार दबली असेल तुझ्या गाठीत." एकेक गाठ कट्‌ कट्‌ तुटत होती. मी शेडच्या दारात उभी राहून ते ऐकलं. आत एकही तार दबलेली निघाली नाही. ह्यांनी तारा तशाच सुट्या सोडल्या, पिंजारलेल्या केसांसारख्या, आणि हात पुसत बाहेर आले.

"उद्यापासून तू घरीच थांब," हे म्हणाले. "दमतेस. पुढे मिस्त्री बसेल, मागे ताई आहेच. उद्घाटन तोंडावर आलंय."

दमतेस! इतकी वर्षं वाकून तारा बांधल्या तेव्हा कधी दमले नाही, आणि आता दमले. मला कळून चुकलं की उद्या घरी थांबले तर पुढच्या गाडीलाही घरीच थांबणार. मग ह्यांचा तो आवाज गेला तो गेलाच. स्वयंपाकघरात मान हलवणारा माणूस तेवढा माझा, बाकीचा वन्संचा.

"थांबते," मी म्हणाले. "पण आज एकदा मी मागे बसणार. वन्संना पुढे बसवा."

"का?"

"मला बसायचंय."

मागे काय ऐकू येतं ते मला एकदा ऐकायचं होतं. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं.

वन्सं अंगानं भरलेल्या. ड्रायव्हरच्या सीटवर जायचं ते वरच्या गोल झाकणातून, पाय आधी टाकून. "अगं, ही सीट आहे की बाटलीचं तोंड?" त्या म्हणाल्या. मिस्त्रीनं खांद्यांना आधार दिला, मी आतून पाय ओढले. मध्येच त्या अडकल्या आणि स्वतःलाच हसायला लागल्या, त्यामुळे आणखी अडकल्या. शेवटी एकदाच्या धप्पकन खाली बसल्या.

मी मागे गेले. ती सीट ऐसपैस होती, पाय लांब करता येत होते. समोर रेडिओचा दिवा लागलेला, पिवळसर. मी हेडफोन चढवले. त्यांना वन्संच्या केसांच्या तेलाचा वास होता.

इंजिन चालू झालं. खटका उजवीकडे पडल्याचा टक्‌ आवाज कानात आला.

"आहेस का?"

तोच आवाज. हळू, जरासा घोगरा, कानाला लागून.

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"अगं, आहेस का?"

"आहे."

"तिथं बरं वाटतं का? पाय सरळ होतात, नाही?"

माझे डोळे भरून आले, पण ते रागानं. म्हणजे हे, हे वन्संना आठवडाभर मिळत होतं! माझ्या वाटचं, माझ्याच घरात राहून, माझ्याच हातच्या तारांमधून!

तेवढ्यात खटका डावीकडे गेला. माझ्या कानात घरघर. आणि वरून ह्यांची आरोळी, हेडफोनच्या बाहेरून ऐकू येणारी: "ताईऽऽ! ऐकू येतंय काऽऽ?"

पुढून वन्संचा आवाज आला. गार पाणीबिणी सगळं उकळलेलं. "मेल्या! कानाचे पडदे फाडशील का?"

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. ह्यांनी पुन्हा आरोळी मारली, मी पुन्हा खूश झाले. मग वन्सं "हे बंद कसं करायचं?" म्हणून ओरडायला लागल्या. मी मागून ओरडून बटण सांगितलं. इंजिन थांबलं. त्या शांततेत वन्संचं डोकं झाकणातून वर आलं.

"बाळ्या, खरं सांग. पुढच्या सीटशी बोलताना तुझा स्वतःचा आवाज तुझ्या कानात येतो का?"

ह्यांनी कानांवरचे हेडफोन काढून हातात घेतले.

"एक्स्चेंजात आम्हा मुलींना आपला आवाज आपल्याच कानात थोडासा परत ऐकू यायचा," वन्सं म्हणाल्या. "एखाद्या बोर्डावर तो यायचा बंद झाला, की तिथली मुलगी गिऱ्हाइकावर ओरडायला लागायची. तिला वाटायचं, समोर भिंतच आहे."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

कमांडरची डबी बाहेर आली, बाकावर उघडली. आम्ही सगळे वाकून बघत होतो, वन्सं सोडून. त्या झाकणात अडकलेल्या होत्या आणि "काय निघालं, काय निघालं" विचारत होत्या. खटक्याच्या डाव्या बाजूला एक चिमुकली तार होती. बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच हेडफोनकडे परत नेणारी. उजवीकडची जोडलेली होती. डावीकडची नुसती टेकवून ठेवलेली, सोल्डर केलेलीच नव्हती.

"ही राहिली कशी?" हे म्हणाले. "मी कधी असं अर्धं सोडत नाही."

"टॅक्सी आली होती," मी म्हणाले.

मग झाकणातून हसण्याचा आवाज यायला लागला. वन्सं हसता हसता खोकायला लागल्या. "म्हणजे मीच माझ्या कानाखाली आवाज काढून घेतला ग! आता मला कुणीतरी वर काढा."

"ताई, ग्रीस लावू का?" मिस्त्रीनं विचारलं.

"तुझ्या तोंडाला लाव!"

आम्ही तिघांनी ओढून त्यांना काढलं. खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "मी काही पुन्हा त्या बिळात जायची नाही. ते हिचंच." मला त्यांनी काही दिलंय अशा थाटात म्हणाल्या. दोष कुणी शोधला असं विचारलं की हे पुढे ज्याला त्याला सांगत, "ताईनं एका वाक्यात ओळखलं." जागा बदलायला कुणी लावलं, हे कुणी विचारलं नाही. मी मात्र विसरलेली नाही.

ह्यांनी ती तार जोडली. मी विचारलं, "मग उद्या मी घरी थांबू ना?"

हे डबीचे स्क्रू आवळत होते. वर न बघता म्हणाले, "मग स्टार्टर कोण दाबणार? आणि आधी ती जुडी बांधून दे. माझ्याच्यानं तशा गाठी होत नाहीत."

मी बांधून दिली. पहिल्यापेक्षा घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या सीटवर गेले, स्टार्टर दाबला. खटका टक्‌ झाला.

"आहेस का?"

हळू, घोगरा, कानाला लागून. मी "आहे" म्हणाले. हे सांगत होते, काल रागानं लाल झाली होतीस, ते मला वरून दिसत होतं. मी ऐकत होते, आणि मनात एक विचार आला तो आजतागायत गेलेला नाही. हा मऊ आवाज वन्संसाठी नव्हता, तसा माझ्यासाठीही नव्हता. ह्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता, एवढंच. तो ऐकू आला की हे सगळ्यांशीच गोड बोलत.

पण म्हणून काय झालं? कान माझे होते.

मग खटका उजवीकडे गेला. माझ्या कानात नुसती घरघर, आणि मागून पत्र्यातून वन्संचं हसणं. हे तिकडे काय बोलले ते मला कळलं नाही. त्याही गाडीत कळलं नाही, नंतरच्या कुठल्याच गाडीत नाही. वन्सं गेल्या, हेही गेले. आता विचारायचं कुणाला?

पहिल्या वेळी घातलेल्या माझ्या गाठी ह्यांनी कापल्या. दुसऱ्यांदा बांधलेल्या मात्र संग्रहालयातल्या त्या गाडीत अजून आहेत. मी मध्यंतरी जाऊन, वाकून बघून आले.