साध्या कागदाची नळी

मॅडमनी नळी हाताखालच्या मदतनीस बाईसमोर पांढऱ्या ट्रेमध्ये उपडी केली. मेलेले डास भुरभुर खाली पडले.

"बघ. तुझे प्रताप."

या नळीत डास मारायचं औषध लावलेला कागद नव्हता, साधा होता. औषधाच्या नळीतले डास मेले तर औषध लागू पडलं म्हणायचं. साध्या कागदाच्या नळीतले मेले, तर कुणाच्या तरी हातातून विष आत गेलं आणि सगळी चाचणी पाण्यात.

"घरी कॉइल लावून आली असशील."

"कॉइल तुम्हीच बंद केलीत, मॅडम. डास चावून माझ्या पोराच्या अंगावर चट्टे उठले तरी."

घरी मॅडम तिच्या नणंद होत्या आणि दोघींमधून विस्तव जात नसे. भावाने न विचारता लग्न केलं, हा राग नणंदेने अजून सोडला नव्हता. प्रयोगशाळेत तो शिस्तीच्या नावावर खपून जाई.

प्रयोगशाळेचे साहेब दारात येऊन उभे राहिले. भावजयीला नोकरीत कायम करायचं की नाही, हे ते आजच वर कळवणार होते.

"हिचा हात घाण आहे," मॅडम म्हणाल्या. "हिला ठेवलंत तर एकही चाचणी भरवशाची राहणार नाही."

"मग दोघी एकेक साधी नळी भरा. कुणाचे मरतात बघू."

"मी कशाला?"

"सकाळची नळी दोघींनी मिळून भरली होती म्हणून."

दोघींनी आपापली नळी भरून टेबलावर उभी केली आणि समोरासमोर बसल्या. भावजय आपल्या नळीवरून नजर हलवत नव्हती. नोकरी गेली की वेगळ्या बिऱ्हाडाचं राहिलंच; जन्मभर या बाईच्या नजरेखाली पोळ्या लाटायच्या. मनातल्या मनात ती नणंदेला लाखोली वाहत होती.

तासाभराने एका नळीतला डास घसरून तळाशी पडला. पाठोपाठ दुसरा, मग भराभर बाकीचे. ती मॅडमची नळी होती. भावजयीचे डास कागदाला धरून निवांत बसले होते.

तिला हसू फुटलं. तिने ते लपवलंही नाही.

मॅडमनी आपली नखं नाकाशी नेली, मग हात कोटाच्या खिशात कोंबला.

"साबणाने धुतले होते मी," त्या पुटपुटल्या.

"काय लागलं होतं हाताला?" साहेबांनी विचारलं.

"आजची चाचणी माझ्यामुळे गेली. तसंच लिहा. आणि हिला कायम करा."

साहेब गेल्यावर भावजय पुढे झाली. "बोला की आता. कुणाचा हात घाण?"

मॅडम ट्रेमधले डास कचऱ्यात झटकत राहिल्या.

"तोंड सोडायला बरी पुढे असतेस. सकाळी तू लवकर निघून आलीस, मागे पोरगं खाजवून खाजवून रडत होतं. त्याची मच्छरदाणी औषधात बुडवून गच्चीवर टाकलीय. घरात हातमोजे कुठले! नीट वाळल्याशिवाय त्याला तिच्याखाली झोपवू नकोस."