पिंजऱ्यावरची चिठ्ठी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. एकच डोळा, पण नजर पक्की. पितळी नळी, जाड काच, लोखंडी पाय. घडवणाऱ्याने सगळं दिलं, तोंड तेवढं द्यायचं राहिलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

माझी कामाची सगळी वर्षं प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी गेली. तिथल्या संशोधक बाई एका औषधी पाल्याचा अर्क नर उंदरांना पाजत. पिल्लं होण्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. एका पिंजऱ्याला अर्क, दुसऱ्याला नुसतं पाणी, असे साठ दिवस. पिंजरे धुणारे मामा मोठे काळजीवाहू. भिजू नयेत म्हणून पिंजऱ्यांवरच्या 'अर्क' आणि 'पाणी' अशा चिठ्ठ्या ते आधी काढून खिशात ठेवत.

शेवटचा अर्क पाजून झाला आणि मामा पिंजरे धुवायला बसले. तेवढ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. बोलता बोलता मामांनी चिठ्ठ्या परत अडकवल्या, पण याची त्याला आणि त्याची याला. मी समोरच होतो. ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यातून पाहिलं. अर्क प्यायलेल्या उंदरांचे शुक्राणू, म्हणजे ज्यांच्यामुळे पिल्लं होतात ते इवलेसे कण, मोजकेच आणि मरगळलेले होते. पाण्यावरच्यांचे मस्त सळसळत होते. चिठ्ठ्या मात्र उलटं सांगत होत्या. बाई हरखल्या. "मामा, पाल्याने जोर वाढतो की हो." या जुन्या डोळ्याने बरोबर हेरलं, असं सगळे म्हणाले. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मामांनी हळूच विचारलं, "आमच्या जावईबापूंना दिला तर?"

"माणसांचं अजून काही ठाऊक नाही, मामा. थांबा जरा."

मामा थांबले नाहीत. पाला मागच्या बागेतच होता.

पुढे नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. काचेवर बुरशी चढली. मामा तेवढे आठवड्याला मला पुसतात आणि जुन्या सोबत्याशी बोलावं तसं बोलतात. आजही म्हणाले, "दीड वर्ष झालं, न चुकता काढा घेतात बिचारे. अजून काही नाही रे."

मित्रांनो, आम्हा जुन्यांना कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पुसा. पण आमच्यातून बघण्याआधी चिठ्ठी एकदा ताडून पाहा. आम्हाला दिसतं, सांगता येत नाही.

मामांनी माझा डोळा लख्ख पुसला आहे. आता ते पाल्याची जुडी पिशवीत घालून लेकीकडे निघालेत.