फक्त काज-बटण राहिलंय

मास्तर खोटं बोलायचे ते काही वाईट मनाने नव्हे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर आलं की तोंडातून आपोआप निघायचं, "झालंय हो, फक्त काज-बटण राहिलंय. उद्या या." कापड तेव्हा फळीवर घडीत जसंच्या तसं पडलेलं असायचं. गल्लीने त्यांचं नाव उद्यामास्तर ठेवलं होतं, आणि ते त्या नावाला ओ द्यायचे, यावरून काय ते समजा.

बायको म्हणायची, "स्वर्गाच्या दारातून हाक आली ना, तरी म्हणाल, आलोच, काज-बटण राहिलंय."

दर रविवारी ते चर्चमध्ये उपासनेला तिसऱ्या बाकावर बसत. पापकबुलीच्या वेळी मान इतरांपेक्षा चार बोटं जास्त खाली घालत आणि पुढच्या आठवड्यापासून खोटं बोलणार नाही, असं प्रभूला सांगत. सोमवारी दुकान उघडून दहा मिनिटं होत नाहीत तोच पहिली थाप. अकरा वर्षं हा क्रम चुकला नव्हता. एकदा पाळकसाहेबांनी दारात हात धरून विचारलं, "मास्तर, ते जिभेचं कुठवर आलं?" तर हे म्हणाले, "होत आलंय साहेब, फक्त काज-बटण राहिलंय." दोघंही हसले. मास्तरांचं हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही.

चर्चची घंटा वाजवणाऱ्या घंटाकाकांनी दोन महिन्यांपूर्वी करड्या कोटाचं कापड शिवायला टाकलं होतं. घंटेच्या दोरीशी त्यांची चाळीस वर्षं पुरी होणार होती आणि मंडळी त्यांचा सत्कार करणार होती. जन्मातला पहिला कोट. ते रोज जाता-येता डोकावत.

"मास्तर, बटणं चार लावा बरं का. तीन नकोत."

"चारच लावतोय, काका."

बटणं लावायला आधी कोट लागतो, ही गोष्ट मास्तरांनी मनावर घेतली नव्हती.

बुधवारी पहाटे काका झोपेतच गेले. अकरा वाजता त्यांची मुलगी दुकानात आली. रडून झालं असावं, चेहरा कोरडा होता.

"मास्तर, बाबांचा कोट द्या. चार वाजता दफन आहे, त्यांना तोच घालायचाय. बटणं राहिली असतील तर राहू द्या."

मास्तर फळीकडे वळले. घडीवर हात ठेवला. काहीच वाटलं नाही. काकांबद्दल नाही, मुलीबद्दल नाही, स्वतःबद्दलही नाही. डोकं मात्र सवयीने चालत होतं. पाच तास आहेत. शवपेटीत पाठ कुणाला दिसते? पुढचे दोन भाग आणि बाह्या, अस्तर नाही, नुसते कच्चे टाके. काका काही उठून आरशात बघणार नाहीत. 'इस्त्रीला दिलाय, तीनपर्यंत घरी आणून देतो,' एवढं म्हटलं की झालं. थाप अगदी मापात बसत होती.

"प्रभू," ते फळीशीच पुटपुटले, "मी कापलंच नाही."

अकरा वर्षांत त्यांनी प्रभूला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. तीत पुढच्या आठवड्याचं नाव नव्हतं.

"काय म्हणालात?"

मास्तरांनी घडी आणून टेबलावर ठेवली. मापाची चिठ्ठी वर टाचलेली तशीच होती. "ताई, कापलंच नाही. काकांना रोज खोटं सांगत होतो."

ती घडीकडे बघत राहिली. "बाबांनी कोटासाठी भिंतीत खुंटी ठोकून ठेवलीय," ती म्हणाली. मग म्हणाली, "द्या. कापड द्या."

चार वाजता काका त्या कापडाखाली होते, छातीपासून पायापर्यंत. घडीच्या रेघा मोडलेल्या नव्हत्या. घंटा दुसऱ्याच कुणी वाजवली, अडखळत. मास्तर तिसऱ्या बाकावर रडू यायची वाट बघत बसले. ते आलं नाही. हलकंही वाटलं नाही.

दारात पाळकसाहेबांनी हात धरला.

"साहेब, त्या जिभेच्या कामाची सुरुवातच झाली नव्हती," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे." या वेळी साहेब हसले नाहीत. "उद्याचं प्रभूला काही कबूल करू नका, मास्तर. प्रार्थनेत भाकरसुद्धा आपण आजचीच मागतो. तेवढंच मागा."

"काही वाटत नाहीये मला."

"वाटायला पाहिजे असं कोण म्हणालं?"

दुसऱ्या दिवशी कुलूप काढताना मास्तरांनी प्रार्थना केली. शब्द दोनच: "प्रभू, आज." लगेच शाळेचा शिपाई पायरीवर.

"मास्तर, पँट झाली?"

"झाली हो, फक्त..." तोंड सवयीने पुढे गेलं होतं. मास्तरांनी ते तिथेच धरलं. "नाही झाली. हात लावलेला नाही. शनिवारी देतो."

शिपाई बघतच राहिला. "कुठला शनिवार?"

"हाच."

"मास्तर, तब्येत बरी आहे ना?" असं म्हणून तो हसत निघून गेला. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा?

मास्तरांना विशेष काही वाटलं नाही. त्यांनी फळीवरची पँटच्या कापडाची घडी उतरवली, खडू शोधला, कापड टेबलावर पसरलं आणि कात्री लावली.